म्हैसूरचा वकील, साक्रीची पोरं

मंगळवार

एस.वाय.चा सामाजिक मानसशास्त्राचा पेपर सुरुवातीला शिकवायला सोपा. प्रयोगच एवढे गमतीचे की वर्ग आपोआप जागा राहतो. ट्रिप्लेटचे सायकलस्वार झाले. १८९८ सालची गोष्ट, एकट्याने सायकल मारण्यापेक्षा सोबत कुणी असलं की वेग वाढतो. मग रिंगेलमान, फ्रान्सचा शेती-अभियंता. त्याने माणसांना दोर ओढायला लावला. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी भरला. एवढं सांगितलं आणि मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणून तर कापूस वेचणी किलोवर देतात मॅडम, रोजाने नाही." याने अजून पुढचं पानही उघडलं नसेल. पुढच्या पानावर तेच आहे. ज्याचं काम वेगळं मोजलं जातं, तो गर्दीतही अंग चोरत नाही.

ॲशचा रेघांच्या लांबीचा प्रयोग उरकला. समोर दिसणारी सरळ गोष्ट, पण बाकीचे सगळे चूक बोलले की माणूसही चूक बोलतो. साधारण एकतृतीयांश उत्तरं अशी आली. मला मात्र ज्यांनी एकदाही मान तुकवली नाही त्या चौथ्या हिश्श्यातल्या माणसांबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नाही.

परतीची एसटी नेरपर्यंत उभ्याने.

बुधवार

आज गुणारोपण. समोरचा असा का वागला, याचं कारण आपण कुठे शोधतो? त्याच्या स्वभावात की त्याच्यावर आलेल्या वेळेत? अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं की माणसं स्वभावाकडे फार चटकन वळतात. १९७७ मध्ये ली रॉस याने या सवयीला मूलभूत दोष असं नाव दिलं. मूलभूत म्हणजे सगळ्या मनुष्यजातीचा, असा त्यात अर्थ आलाच.

जोन मिलर नावाच्या बाईंनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या माणसांची तुलना छापली. त्यातला एक प्रसंग मी दरवर्षी सांगते. मोटरसायकलचं चाक फुटतं, मागे बसलेला डोक्यावर आपटतो. चालवणारा वकील. तो त्याला दवाखान्यात पोचवतो आणि कोर्टात निघून जातो. पुढे तो जखमी माणूस मरतो. वकील असा का वागला? अमेरिकन माणसं म्हणाली बेजबाबदार, स्वतःपुरतं बघणारा. म्हैसूरकडची मोठी माणसं म्हणाली, कोर्टात पक्षकार खोळंबला असेल, त्याचं तेही कर्तव्यच. कदाचित जखम एवढी गंभीर वाटली नसेल. शिवाय तिकडे वय वाढत जातं तशी माणसं स्वभावावर जास्त बोट ठेवतात आणि इकडे वय वाढतं तशी परिस्थितीवर. म्हणजे हा दोष जन्मजात नाही, मोठं होता होता शिकलेला.

वर्ग खूश. आपण अमेरिकनांपेक्षा समजूतदार निघालो म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? मीही इतकी वर्षं इथेच थांबते. तास संपतो, चहा होतो.

आज थांबले नाही. दोन चिठ्ठ्या करून आणल्या होत्या. अर्ध्या वर्गाला, "तुमच्या गावच्या एका माणसाने रस्त्यात पडलेला जखमी पाहिला आणि तो न थांबता पुढे गेला." उरलेल्या अर्ध्याला तेच वाक्य, फक्त माणूस "परगावचा". का गेला असेल, एका ओळीत लिहा.

गावच्या माणसासाठी काय काय कारणं आली! रात्रीची लाईट होती, मोटर चालू करायला जायचं होतं. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घाबरला. घरी बाई बाळंत होत होती. एकाने तर त्याला मोतीबिंदू दिला. परगावच्या माणसासाठी बहुतेकांनी लिहिलं, माणुसकी नाही. ओळ तिथेच संपलेली.

वर्गातल्या चिठ्ठ्यांना मी संशोधन म्हणणार नाही. पण १९७४ सालचा टेलर आणि जग्गी यांचा अभ्यास नेमका असाच आहे, दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांवरचा. दुकानदाराने फसवलं, पावसात कुणी घरात आसरा दिला, असे साधे प्रसंग. आपल्या धर्माच्या माणसाने चांगलं केलं तर तो मुळातच चांगला, वाईट केलं तर वेळ तशी होती. मुसलमान माणसाच्या बाबतीत हिशेब उलटा. आमच्या पुस्तकात म्हैसूरला पानभर जागा आहे, आणि या कारकुनांना दीड ओळ. परिस्थिती बघण्याचा शहाणपणा आपल्याकडे आहे, हे खरं. तो कुणाच्या वाट्याला जातो, हे त्या दीड ओळीत आहे.

गुरुवार

कालच्या चिठ्ठ्या आज वाचून दाखवल्या. हशा झाला, आणि तो ओसरता ओसरता पिंपळनेरकडच्या एकाने विचारलं, "मॅडम, राईनपाडा यातच येईल का?"

येईल की. त्यासाठी लांब जायला नको, आमच्याच साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. ही पोरं तेव्हा पाचवी-सहावीत असतील. एक जण म्हणाला, "आमना मोबाईलवर बी त्या मेसेज येल व्हतात." दुसऱ्याला त्या दिवसांत आई शाळेतही एकटा सोडत नव्हती.

अफवांचा धडा अजून लांब होता, तो आजच घेतला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या. गंगेचं पाणी नाहीसं झालं, ग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार. घर शाबूत असलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? पुढे दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर पाहिलं, तर डोळ्यांदेखत नुकसान झालेल्या लोकांत अशा अफवा नव्हत्या. या दोन अभ्यासांवरून फेस्टिंगर या अमेरिकन माणसाला सुचलं की भीती आधी येते आणि तिला साजेसं कारण मागून शोधलं जातं. त्याचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत, मनातल्या दोन न जुळणाऱ्या गोष्टी जुळवून घेण्याचा, त्याची एक मुळी बिहारच्या मातीत आहे. पोरांना हे सांगताना मला दरवेळी जरा चढतं.

पण राईनपाड्याला हे जसंच्या तसं लावता येत नाही, असं मला वाटतं. बिहारमध्ये जमीन खरोखर हलली होती. इथे काहीच हललं नव्हतं, भीतीच मुळात मोबाईलवरून आली. मग तिला माणूस लागला, आणि बाजारात अनोळखी माणसं उभी होती. मी हे मोठ्याने बोलले आणि वर्ग तिथून स्वतःच बोलू लागला.

"लोके घाबरी जायेल व्हतात, मॅडम." खरं आहे. "कुणी सुरुवात केली ते गर्दीत कुणाला कळणार?" तेही खरं. "पोलीस लांब." मान्य. मग एक जण, चांगला, मन लावून वाचणारा मुलगा, म्हणाला, "पण ते लोक असे गावोगाव फिरतातच कशाला?"

कालच्या चिठ्ठ्या टेबलावरच होत्या. मी काही बोलायच्या आत खिडकीजवळची मुलगी बोलली, एरवी हजेरीपुरता आवाज निघणारी. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, लहानपणी तीही जायची. ती म्हणाली, मुकादमाने उचल दिलेली असते म्हणून जातो, हौस म्हणून कोण जातं? तिकडे कुणाच्या मळ्यातलं काही चोरीला गेलं की आधी आमच्याच झोपड्या बघायला येतात. तो मुलगा म्हणाला, तुमचं वेगळं. ती म्हणाली, त्यांना जमीन होती का?

मी तिला पुढे येऊन फळ्यावर लिही म्हटलं. आली नाही, तिथूनच बोलत राहिली.

मारणाऱ्यांची पण परिस्थितीच म्हणायची का मग, हे कुणीतरी विचारलंच. विचारायलाच हवं. मिलग्रॅमच्या १९६३ साली छापलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून शेजारच्या खोलीतल्या माणसाला शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत विजेचे झटके दिले, म्हणजे दिले असं त्यांना वाटत होतं. परिस्थितीचं वजन एवढं असतं. उरलेले १४ त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून थांबले होते. कारण कळलं म्हणून गुन्हा फिटत नाही, आणि कोर्टाचं काम मानसशास्त्राने स्वतःकडे घेऊ नये. माझी तक्रार वेगळीच आहे. ज्यांनी मारलं त्यांच्या मनात शिरायला आमच्या वर्गाला पाच मिनिटं लागली. जे मेले त्यांच्या बाबतीत, ते का फिरतात इतका साधा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने कुणी विचारला नाही. ती मुलगी सोडून.

शनिवार

विभागप्रमुखांनी विचारलं, धडा मागचा पुढे का घेतला, शिकवण्याच्या नियोजनात तसं नाही. त्यांचंही बरोबर, तासिका तत्त्वावरच्या माणसाने नियोजन मोडलं की सह्या त्यांना कराव्या लागतात. अंतर्गत चाचणीला मी प्रश्न घातलाय: तुम्हाला न पटणाऱ्या एका परक्या माणसाच्या वागण्याची परिस्थितीतली तीन कारणं लिहा, स्वभाव हा शब्द न वापरता. ते म्हणाले, याला गुण कसे देणार? मी म्हटलं, बघते.

आता अभिवृत्तीचा, म्हणजे एखाद्याबद्दल मनात आधीच असलेल्या कलाचा धडा. ला-पिएर या संशोधकाचा अभ्यास, तोही १९३४ चाच. चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडला. अडीचशेच्या वर हॉटेलं-खानावळी, आणि एकाच ठिकाणी दारातून परत पाठवलं. नंतर पत्र टाकून विचारलं, चिनी माणसांना घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त नाही म्हणाले. समोर उभ्या माणसाला खोली दिली, कागदावरच्या माणसाला नाकारली. राईनपाड्यात नेमकं उलटं झालं. समोर माणसं होती, तरी लोकांनी मोबाईलवरचा मेसेजच खरा धरला. सोमवारी पोरांना दोन्ही शेजारी ठेवून विचारायचंय, फरक कशाने पडला. माझ्याकडे उत्तर तयार नाही. त्या मुलीला आधी विचारेन म्हणते, पण परवा तिच्या गावची एसटी पुन्हा रद्द झाली तर ती येणार नाही.