ढिगाऱ्याखालचा ओढा

कोळसा खाणीच्या डंपचं, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेल्या ढिगाचं, पाणी माझ्या गळ्यात पडलं तेव्हा काम सरळ वाटलं होतं. पायथ्याभोवती गारलँड ड्रेन, म्हणजे माळेसारखा वेढणारा चर, खणायचा, पाणी सेटलिंग पाँडमध्ये सोडायचं, गाळ बसला की पुढे जाऊ द्यायचं. हिशोबही मांडला: १२ हेक्टर क्षेत्र, ताशी ६० मिलिमीटर पाऊस, वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.६, गुणाकाराला ३६० ने भागलं की सेकंदाला १.२ घनमीटर. त्या मापाचा चर काढून घेतला आणि पावसाची वाट बघत बसलो.

पहिल्याच जोरदार सरीत चर निम्मा बुजला. सूत्रात पाणी होतं, गाळ कुठे होता! बेंचचा, म्हणजे डंपच्या पायरीसारख्या टप्प्यांचा, उतार बाहेरच्या बाजूला राहिला होता, त्यामुळे पाणी कडेवरून थेट खाली कोसळलं, जागोजागी ओघळी पडल्या आणि माती चरात आली. मग बेंचना आतल्या बाजूला उतार दिला, कडेला बांध घातला आणि पाणी उतरायला दगडी अस्तराच्या नाल्या केल्या. "पाणी आत घेऊन डंप भिजवणार का?" असं डोझरवाल्यानं विचारलं. शंका रास्त होती. आत घेतलेलं पाणी तुंबलं तर मुरणारच. म्हणून बेंचच्या लांबीलाही उतार ठेवला.

खरा प्रश्न पाऊस उघडल्यावर कळला. नऊ दिवस टिपूस नाही, तरी एका कोपऱ्यात चर वाहतोय. पाणी पिवळट-तांबूस, दगडांवर गेरूसारखा थर, पीएच ४. डंपमधल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल होतं आणि लोह सुटतं. शुद्ध पाण्याच्या ७ वरून ४ हा फरक किरकोळ दिसतो, पण आम्लता हजारपट वाढलेली असते. मी चरात चुनखडीचे दगड टाकले. काही आठवडे बरं चाललं, मग दगडांवरच लोहाचा थर चढला आणि ते निकामी झाले. उपाय लक्षणावर होता, दुसरं काय होणार.

पाणी येतंय कुठून, हे शोधायला खाणकामाआधीचा नकाशा काढला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्या कोपऱ्यात वरच्या अंगाला वळत गेल्या होत्या. तिथे ओढा होता. आम्ही त्याच्यावरच डंप रचला होता.

१९६६ साली वेल्समधल्या अबरफानला झऱ्यांवर रचलेला असाच ढीग पाण्यानं सैल होऊन शाळेवर आणि घरांवर घसरला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्या बाजूची टाकणी बंद करायला लावली आणि डंपच्या पोटातलं पाणी मोजायला पायझोमीटर बसवून घेतले.

मग डंपच्या वरच्या अंगाला चिकणमातीच्या थरापर्यंत खोल चर घेतला आणि ओढ्याचं पाणी डंपला शिवायच्या आत वळवून वेगळं काढून दिलं. हे स्वच्छ पाणी पाँडमध्ये मिसळू द्यायचं नाही यावर बरीच हुज्जत झाली, पण मी अडून बसलो. स्वच्छ पाणी घाण करून मग चुन्यानं साफ करायचं, याला काय अर्थ?

पायझोमीटरची पातळी हळूहळू उतरली. पाझर पुरता थांबला नाही, कारण वरून मुरलेलं पाणी आहेच. आता तिथे बोटभर धार आहे. रोज सकाळी तिच्याखाली बादली लावतो, भरायला किती सेकंद लागतात ते मोजतो आणि वहीत रंगही लिहून ठेवतो.