तिमी म्हणजे तुम्ही नव्हे

नेपाळी आपल्याला सोपी जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लिपी आपलीच, निम्मे शब्द आपले, आणि पस्तीस वर्षं अमेरिकेत, एडिसनमध्ये काढूनही माझी वाईची मराठी शाबूत आहे. विमानात शेजारी टेक्ससचा बावीस वर्षांचा मुलगा बसला होता, त्याला मी 'त' आणि 'ट' मधला फरक शिकवत होते. तो बिचारा वहीत लिहून घेत होता. मी ५८ वर्षांची, आणि आम्ही दोघंही एकाच वर्गात निघालेले.

आम्हाला नेणारी पीस कोअर म्हणजे स्वयंसेवकांना परदेशात कामाला पाठवणारी अमेरिकन सरकारी संस्था. तिला वयाची वरची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकन नागरिकत्व हवं, अठरा पूर्ण हवीत, बस्स. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, हे सुरू झालं आणि १९६२ मध्ये पहिली तुकडी नेपाळात उतरली. माओवाद्यांच्या युद्धामुळे २००४ मध्ये काम बंद पडलं, २०१२ मध्ये परत सुरू झालं. एकूण सत्तावीस महिने. त्यातले पहिले तीनेक महिने प्रशिक्षण, मग शपथ, मग दोन वर्षं एखाद्या खेड्यात. नवऱ्याने पैज लावली होती की मी तीन आठवड्यांत परत येते. त्याला दोष देत नाही. मी महाबळेश्वरच्या हॉटेलातही उशी बदलून मागणारी बाई आहे.

काठमांडूचे पहिले दिवस रेबीजची इंजेक्शनं, फॉर्म आणि झोप यांत गेले. मग आम्हाला पाच-पाचच्या गटांत काभ्रे जिल्ह्यातल्या गावांत सोडलं. प्रत्येकाला एकेक घर. माझं गाव पनौतीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. पनौतीला दोन नद्यांचा संगम आहे, घाट आहे, काठावर देवळं आहेत. बसच्या खिडकीतून ते दिसलं तेव्हा कृष्णेच्या घाटावर आल्यासारखं वाटलं आणि माझा आत्मविश्वास आणखी फुगला.

घरात चार माणसं. बा, आमा, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि हजुरआमा, म्हणजे आजी. मला मुलगी मानून घेतलेलं, म्हणून आमा ही माझी आई. वय ४१. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान असलेल्या बाईला दिवसातून वीसदा आई म्हणायचं. पहिले दोन दिवस जीभ अडखळली, मग ती जेवायला वाढायला लागल्यावर आपोआप सुटली. जुन्या घराचा अर्धा भाग २०१५ च्या भूकंपात पडलेला. उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघर, लाल मातीने आणि शेणाने सारवलेलं. सारवण्याला तिकडे लिप्नु म्हणतात. आपलं लिंपणंच ते. मी खूश.

ही खुशी पहिल्याच रात्रीपर्यंत टिकली. डाळीत मीठ जरा कमी होतं. मी लाडात येऊन, विमानात पाठ केलेला शब्द वापरत म्हटलं, "अलिकति मीठ कम." आमाचा चेहरा पडला. मीठो म्हणजे चविष्ट. मीठ हवं असेल तर नुन मागायचं. आल्या दिवशी मी माझ्या नव्या आईला सांगितलं होतं की तुझ्या जेवणाला चव कमी आहे. दुसऱ्या दिवशी तिने भातावर एवढं तूप ओतलं की त्यात बोट बुडावं.

मग असे खड्डे रोज सापडायला लागले. सकाळी धुकं हटलं की हजुरआमा ओसरीवरून हाक मारायच्या, "घाम लाग्यो!" मी कपाळावर हात फिरवून बघे. घाम म्हणजे ऊन. आपल्या घामाला पसिना. नळावरची बाई "पानी छैन" म्हणाली तर मला आधी चैन ऐकू यायचं, नाही नंतर. चहा तिकडे पीत नाहीत, खातात. वर्गातल्या बाकी चौघांना यातलं काहीच अडलं नाही. त्यांची पाटी कोरी होती. टेक्ससचा मुलगा पहिल्या दिवसापासून नुन म्हणत होता.

आता स्वयंपाकघराचं सांगते. हे मला सांगायचं नव्हतं, पण सांगते.

पहिल्या दिवशी माझं ताट बाहेर पिँढीवर, म्हणजे ओसरीवर मांडलं. चुलीजवळ परक्याने यायचं नाही. आजीच्या सोवळ्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी बांनी विचारलं, "थर के हो?" थर म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे जात. माझं आडनाव त्यांना कळेना. मग सरळच विचारलं, बामण का. मी म्हणू शकले असते की मी अमेरिकन आहे. म्हणू शकले असते की हे मी मानत नाही, आणि मी खरंच मानत नाही, एडिसनच्या मंडळात यावरून भांडलेली आहे मी. पण बाहेर थंडी होती, आत चूल होती, आणि मी हो म्हणाले. त्या रात्रीपासून माझं ताट आत. वर्गातली अटलांटाची मुलगी शेजारच्या घरात राहत होती. ती तीन आठवडे ओसरीवर जेवत होती आणि तिला वाटत होतं की ही पाहुण्यांची मानाची जागा आहे. तिने तसं कौतुकाने सांगितलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.

दिवस असा जाई: सहाला चहा, मग वर्ग, दहाला भात, परत वर्ग, दुपारी करेसाबारीत, म्हणजे परसबागेत, कुदळ. आमचं काम शेती आणि पोषणाचं, त्यामुळे कंपोस्ट, रोपवाटिका, पालेभाज्यांचे वाफे. रात्री परत भात. भाताच्या डोंगराला हात आडवा करून "पुग्यो, पुग्यो" म्हणायला मी सगळ्यात आधी शिकले आणि तो शब्द कुणी ऐकत नाही हेही. चर्पीत, म्हणजे संडासात, उकिडवं कसं बसायचं याचा तास झाला तेव्हा मी हसले. हे काय शिकायचं, आम्ही लहानपणापासून बसतो. त्याच संध्याकाळी गुडघ्यांनी आठवण करून दिली की लहानपण होऊन पन्नास वर्षं झाली. आमाच्या मुलीला हाक मारावी लागली. सुट्टी फक्त शनिवारी, रविवारी वर्ग चालू. घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे, हे अंतर त्यांनी १९८६ मध्ये मुद्दाम ठरवून घेतलंय. नवऱ्याला फोन करताना तीन वेळांचा हिशेब करावा लागे आणि दर वेळी तो चुके.

आमच्या शिक्षिका २९ वर्षांच्या. वर्ग त्यांना दिदी म्हणे आणि त्या मला दिदी म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: तँ, तिमी, तपाईं, हजुर. समोरच्या माणसाला म्हणायचे चार शब्द, खालून वर. तेव्हा मी काय करत होते? मागच्या बाकावर टेक्ससच्या मुलाला कुजबुजत समजावत होते. तँ म्हणजे तू, तिमी म्हणजे तुम्ही, तपाईं म्हणजे आपण, भाषणात म्हणतात तसं. दिदींनी पुढे काय सांगितलं ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

घरच्या आजीला कुणी 'आपण चहा घेता का' म्हणतं का? माझ्या आजीला मी तू म्हणायचे, सासूबाईंना तुम्ही. हजुरआमा परक्या, वयाने मोठ्या, पण घरच्या. तुम्ही अगदी बरोबर बसतं. म्हणून मी त्यांना तिमी म्हणायला लागले. "हजुरआमा, तिमी चिया खान्छौ?" क्रियापदं अचूक, उच्चार स्वच्छ. त्या एक क्षण माझ्याकडे बघत आणि खान्छु म्हणत. उलट मला दुजोराच मिळत गेला. बा आमाला तिमी म्हणत. मला वाटलं, काय सुसंस्कृत माणूस आहे, बायकोला अहो-जाहो करतो! हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. वर टोमणाही मारला.

नऊ दिवस.

दहाव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली होती. आम्ही चुलीपाशी बसलो होतो. मुलगी गृहपाठाची वही मांडीवर घेऊन, आमा रायोचा पाला निवडत, हजुरआमा निखाऱ्यांवर हात धरून. मी आल्यापासून मोठ्या हौसेने सगळ्यांना चहा देत होते, तसा दिला. मुलीने वहीतून मान वर केली आणि आजीला विचारलं, "ठूलीआमाले हजुरआमालाई किन तिमी भन्नुहुन्छ?" मोठी आई, म्हणजे मी, हजुरआमांना तिमी का म्हणते?

पाला निवडणारे हात थांबले. आमाने मुलीकडे असं बघितलं की मुलीने वही तोंडासमोर धरली. हजुरआमांनी घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे तिला समजावलं, "अमेरिकातिर सबैलाई एउटै हुन्छ रे." अमेरिकेकडे म्हणे सगळ्यांना एकच असतं.

मला हे वाक्य पूर्ण कळलं, हीच पंचाईत. पीठ आणायला दुकानात गेले तर दुकानदार विचारी, खऱ्या अमेरिकन का इंडियाच्या? बांनी एकदा २०१५ च्या नाकाबंदीचं काढलं होतं. भूकंपात घर पडलेलं, आणि सहा महिन्यांत सीमेवर गॅस अडला, 'तुमच्या लोकांनी'. तेव्हाही मी मनात म्हटलं होतं, बरोबर आहे, मी याच बाजूची. या घरात मी जवळची म्हणून चुलीपाशी बसले होते. आणि ती म्हातारी नऊ दिवस माझा उद्धटपणा गिळत होती तो मला लांबची समजून. तिला कुणीतरी सांगितलं असणार की इंग्रजीत लहानमोठ्याला एकच शब्द आहे. तिने तेवढ्यावर मला माफ करून टाकलं होतं.

तिमी म्हणजे तुम्ही नाही. तिमी म्हणजे मैत्रीण, धाकटा दीर, बायको. दिसायला तुम्ही, वजनाला तू. पण आपल्या आजीला म्हणतो तो मायेचा तूही नाही. वयाने मोठ्या, परक्या घरच्या बाईला ते म्हणणं म्हणजे सोसायटीत नव्याने आलेल्या भाडेकरणीने जिन्यात भेटलेल्या आजींना 'काय गं, चहा घेतेस का' विचारावं, तसं.

मी माफी मागितली. तीही अर्धवट, कारण माफीचं क्रियापद तपाईंमध्ये कसं चालवायचं ते मला येत नव्हतं. शेवटी आमाने वाक्य पूर्ण केलं आणि हसायला लागली. मग हसू आवरेना. मुलगी वहीआड हसत होती, हजुरआमा बोळकं उघडून हसत होत्या. रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पहिल्या बाकावर. टेक्ससच्या मुलाला विचारलं, तू घरी काय म्हणतोस? म्हणाला, तपाईं. "तुम्ही सांगितलं ते मला अवघड वाटलं, म्हणून मी सगळ्यांनाच तपाईं म्हणतो. कुत्र्यालासुद्धा."

त्यानंतर मी तपाईं म्हणू लागले आणि घरात एक औपचारिक गारवा आला. हजुरआमा मला पहिल्यापासून तपाईंच म्हणत होत्या. आता दोन्ही बाजूंनी तपाईं. बसनुस्, खानुस्, जानुस्. एखाद्या सरकारी कार्यालयात बसल्यासारखं. मला त्या नऊ दिवसांची चोरून आठवण यायची.

मग घटस्थापना आली. नावसुद्धा तेच. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळू-मातीत जव पेरले. आपल्या घटासारखेच, फक्त उजेड लागू द्यायचा नाही, म्हणजे जमरा पिवळा धमक वाढतो. अंगणात बोकड बांधला होता, त्याच्याशी मुलीने आणि मी ओळख वाढवायची नाही असं ठरवलं होतं. ते पाळलं गेलं नाही.

दसऱ्याला, टीकेच्या म्हणजे टिळ्याच्या दिवशी, घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती सगळ्यांना टीका लावते. तांदूळ, दही आणि लाल रंग एकत्र कालवून त्याचा जाड लपका कपाळभर, आणि कानावर जमरा. पिँढीवर गोणपाट अंथरून हजुरआमा बसल्या. आधी बा, मग आमा, मग मी. त्यांनी माझ्या कपाळावर एवढं दही-तांदूळ थापलं की डोळ्यात ओघळ आला. कानामागे जमरा खोचला, हातात दहाची कोरी नोट ठेवली, आशीर्वाद पुटपुटल्या. मी एका डोळ्याने बघत, आपल्याकडे करतात तसं, वाकून पायांना हात लावायला गेले.

त्यांनी पाय झटकन आत ओढून घेतले. "छोरीले ढोग्नु हुँदैन!" लेकीने पाया पडायचं नसतं. त्या घरांत लेक ही देवीच्या जागी, तिच्या पाया थोरांनी पडायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात सांगितलंही असेल. मी कंबर अर्धी वाकवून, एक डोळा मिटून उभी, आणि ती पंचाहत्तरीची म्हातारी गोणपाटावरून पुढे सरकून माझ्या पायांशी वाकली. तिचा पदर माझ्या पावलांवर आला.

मी "अहो आजी!" असं चक्क मराठीत ओरडून मागे सरले. पिँढी तिथेच संपत होती. मी अंगणात, कोंबड्यांमध्ये, बसल्या जागी. नोट हातात, जमरा कानावरून गायब, एक चप्पल वरच राहिलेली. बोकडाने येऊन कपाळाचे तांदूळ हुंगले.

आमा तोंडावर हात धरून. बा उठायच्या बेतात. हजुरआमा पिँढीच्या कडेला येऊन खाली वाकल्या.

"लड्यौ?"

पडलात असं विचारायचं असतं तर लड्नुभयो. तेवढं मला आता येत होतं.