फुटामागे एक सूत

स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिही’ असा निरोप आला तेव्हा मी आधी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिच्या तळाशी आपल्या शाळेच्या इंजिनिअरिंग मंडळाची इतिवृत्ताची वही होती. १९८४ ते १९८६ अशी दोन वर्षं मी त्या मंडळाची चिटणीस होते. निवड झाली ती ‘मुलींचं अक्षर चांगलं असतं’ या एका मुद्द्यावर. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार सगळे मुलगे. तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं, बरंच झालं. खजिना कधीच संपला, वही माझ्याकडे आहे.

सभा शनिवारी भरायच्या, सकाळची शाळा सुटली की विज्ञानाच्या प्रयोगशाळेत. पोटात कावळे, समोर पाहुणे. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मग भाषण, मग प्रश्न. प्रश्नांसाठी मंडळ बघणाऱ्या आमच्या सरांचा एकच दंडक होता: आकडा ऐकलात की तो तेवढाच का, हे विचारायचं. नुसतं ‘किती?’ विचारणाऱ्याला सर खाली बसवत. ‘किती ते फळ्यावर लिहिलंय, का ते विचार.’

सगळेच पाहुणे काही रंगले नाहीत. एक मोठे अधिकारी उत्पादकतेवर तासभर बोलून गेले. वहीत मी त्याबद्दल ‘उद्बोधक भाषण झाले’ एवढंच लिहिलंय, त्यावरून काय ते ओळखा.

पण एका शनिवारी वर्गातल्या एका मुलाचे आजोबा आले. खडकीच्या इंजिनांच्या कारखान्यातून पॅटर्नमेकर म्हणून निवृत्त झालेले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी दोन पट्ट्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर बारा इंचांच्या खुणा. पण एक पट्टी दुसरीपेक्षा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब. कोणीतरी म्हणालं, “आजोबा, ही चुकीची आहे.” ते म्हणाले, “चुकीची नाही रे, लबाड आहे. मुद्दाम.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. आधी हव्या त्या भागाचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणजे पॅटर्न तेवढा मोठा हवा. आता प्रत्येक मापाला हिशेब करत बसलं तर सुतार कुठेतरी चुकणारच. त्यापेक्षा पट्टीच ताणून घेतलेली. नकाशात सात इंच असेल तर या पट्टीनं सात इंच मोजायचे, जास्तीचं पट्टी बघून घेते. पोलाद जास्त आकसतं, फुटामागे दोन सूत, म्हणून त्याची पट्टी निराळी. “मग दोन पट्ट्या एकमेकींत मिसळल्या तर?” असं मी विचारलं. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, “मिसळल्या होत्या एकदा. म्हणून दुसरीला लाल दोरा बांधलाय.”

पॅटर्नच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात, तेही त्यांनीच सांगितलं. का, तर पॅटर्न वाळूतून वर उचलताना कडा ढासळू नयेत. आम्हाला नीटसं कळलं नाही हे बघून म्हणाले, “घरी भाताची मूद पाडता ना? वाटीतून अलगद सुटते, कारण वाटी वर रुंद असते. सरळ उभ्या डब्यातून पाडून बघा.” त्या रात्री निम्म्या वर्गानं भात वाया घालवला असावा. मी तर घालवलाच, आणि आईची बोलणी खाल्ली.

आज मी ओतकामाचे पॅटर्न आणि साचे डिझाइन करते. बिडाचं काम असलं की संगणकात १.०१ च्या आसपासचा गुणक टाकायचा, बाकीचं यंत्र बघतं. नव्या मुलांना गुणक पाठ असतो. तो तेवढाच का, असं विचारलं की ती सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतात. मग मी मूद काढते.

दुसऱ्या वर्षी खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था बघितली. १९१६ पासूनची ही संस्था धरणं आणि बंदरं प्रत्यक्ष बांधायच्या आधी त्यांच्या छोट्या प्रतिकृतींत पाणी खेळवून बघते. आमच्यासमोर सिमेंटमध्ये अख्खा किनारा कोरलेला, खाडी, धक्का, सगळं घोट्याएवढ्या पाण्यात. तिथल्या अभियंत्यांनी सांगितलं की शंभरास एक अशा प्रमाणात प्रतिकृती केली तर भरती-ओहोटीचं साडेबारा तासांचं चक्र सव्वा तासात पुरं करावं लागतं. सरांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. सगळं शंभर पटींनी लहान, मग वेळ दहापटच का? उत्तर असं: उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. खोली शंभरावा भाग केली की वेग दहावा भाग होतो. अंतर मात्र शंभरावा भाग. भागाकार करा, दहाच येतात. गुरुत्वाकर्षण काही प्रतिकृतीबरोबर लहान करता येत नाही, ही सगळी त्याची करामत. वर्गमूळ हा प्रकार पुस्तकाबाहेर कुणाच्या कामी येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

परतताना सर धरणाच्या भिंतीकडे बघत थांबले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. सरांचं घर तेव्हा नारायण पेठेत होतं. ‘पुस्तकं वाळवायला महिना लागला,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी पुढे कुणी आकडा विचारला नाही.

आता त्या गुरुवारचं. हे जरा सविस्तर लिहायला हवं.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला मी मंडळातर्फे पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘गुरुवारखेरीज कोणत्याही दिवशी यावे.’ मी घाईत त्यातला ‘गुरुवार’ तेवढा वाचला आणि सूचनाफलकावर सुबक अक्षरात लिहून टाकला. सहामाही नुकतीच संपली होती. मनपाहून बस बदलत, डबे सांभाळत आम्ही अठ्ठावीस जण फाटकावर पोचलो. रखवालदार आमच्याकडे बघतच राहिला. “आज गुरुवार. वीज बंद असते. कारखान्यात काळं कुत्रं नाही.” सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. चांगल्या अक्षराचं आणखी काय होणार!

सर काही बोलले नाहीत. चालू लागले. एस ब्लॉकातल्या एका पत्र्याच्या शेडमधून ठोकाठोकीचा आवाज येत होता, तिथे डोकावले. मालक आणि एक कामगार, दोघंच. गुरुवार म्हणून मशीनची दुरुस्ती काढलेली. जुन्या लेथची, म्हणजे धातू कातायच्या यंत्राची, झाकणं उघडून आतले गिअर मोकळे केले होते. मोठ्या कारखान्यात आम्हाला पिवळ्या रेषेबाहेरून चालतं मशीन दाखवलं असतं, इथे मशीनच्या पोटात हात घालता येत होता. मालकांनी आधी मुलींना वेण्या आणि रिबिनी कॉलरमध्ये खोचायला लावल्या, मुलांना बाह्या वर करायला. वीज नाही ना, म्हटल्यावर, “सवय वीज बघून लावायची नसते.”

मग एक गिअर पुढे केला. “दात मोजा.” एकाचे १२६ भरले, दुसऱ्याचे १२८. खडूची खूण करून मोजले तेव्हा १२७. “एवढे विचित्र दात का, सांगा.” कुणाला येईना. सरांनाही नाही.

पुढच्या शनिवारी सर स्वतःच उभे राहिले. शिवाजीनगरला इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन विचारून आलो, म्हणाले. लेथचा लीडस्क्रू, म्हणजे कातायचं हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचातला, पण आटे मिलिमीटरचे पाडायचे. एका इंचात २५.४ मिलिमीटर. गिअरला पॉइंट चार दात असू शकत नाहीत, म्हणून पाचानं गुणायचं: १२७. ही मूळ संख्या असल्यानं छोटा गिअर लावून भागत नाही. देश दशमान पद्धतीवर गेला तरी शेडमधली जुनी मशीनं इंचातच राहिली, आणि मधल्या फटीत हा गिअर बसला.

वहीत त्या दिवसाची नोंद माझ्याच हातची आहे: ‘गुरुवार असल्याने कारखाना बंद होता. सबब सहल रद्द करण्यात आली.’ खाली सरांची लाल शाई: ‘रद्द झाली नव्हती. पुन्हा लिहिणे.’

ते लिहायचं राहूनच गेलं होतं.