स्वाक्षरीविना चित्रकार ओळखणे : डोनाल्ड डकच्या अभ्यासाची पुढील नोंद

मागील नोंदीनंतर संग्रहाची मांडणी बदलली आहे. पात्रांनुसार लावलेले पुनर्मुद्रित अंक आणि कात्रणे आता चित्रकारांनुसार लावली असून, त्यामुळे एकटा डोनाल्ड डक अनेक फायलींत विभागला गेला आहे. १९३४ मध्ये पडद्यावर आलेले ते लांब चोचीचे बदक एका फायलीत आहे, तर वृत्तपत्रीय चित्रमालिकेतील, अल तालियाफेरो यांच्या हातचे बदक दुसऱ्या फायलीत. त्याचे तीन भाचे १७ ऑक्टोबर १९३७ च्या रविवारच्या पानावर प्रथम दिसले, तेही याच चित्रकाराच्या कुंचल्यातून.

सध्याचा सर्वाधिक वेळ १९४२ च्या चौसष्ट पानी खजिना-शोधकथेवर जात आहे. कार्ल बार्क्स आणि जॅक हॅना यांनी तिची प्रत्येकी बत्तीस पाने काढली. दोघेही डिस्नेच्या कथाविभागात काम करणारे, एकाच नमुनाचित्रांवर हात बसलेले, आणि पानांवर नाव कोणाचेच नाही. म्हणून मी संवादांचे फुगे कागदाने झाकतो आणि चोचीचा कोपरा, बुबुळांची जागा, पावलांवर पडलेला शरीराचा भार एवढेच पाहत जातो. कोणते पान कोणी काढले याची यादी शेजारी ठेवून असे पाहिल्यास डोळा काहीच शिकत नाही. आधी अंदाज लिहावा, मग यादी उघडावी, असे माझे ठाम मत आहे.

बार्क्स यांच्या नंतरच्या कामात हा अभ्यास फार फळ देतो. डिसेंबर १९४७ च्या कथेत डोनाल्डचा श्रीमंत मामा अंकल स्क्रूज प्रथम येतो तो वाकलेला, काठीच्या आधाराने चालणारा, माणूसघाणा म्हातारा म्हणून. १९५२ मध्ये त्याच्याच नावाने अंक निघतो तेव्हा तोच म्हातारा नाण्यांच्या राशीत सूर मारतो. या दोन कथांची पाने शेजारी ठेवून केवळ पाठीच्या कण्याची रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवली, तेव्हा स्वभावातील बदल संवादांशिवायही स्पष्ट वाचता आला. अंकांवर नाव फक्त वॉल्ट डिस्ने यांचे असे, तरीही वाचकांनी बार्क्स यांना ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हणून वेगळे ओळखले होते. १९६० च्या सुमारास त्यांच्यापैकी काहींनी मूळ नाव शोधून त्यांना पत्रे लिहिली. त्या वाचकांविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यांच्या हाती छापील पानांखेरीज काहीही नव्हते.

पुढील फाइल फ्लॉइड गॉटफ्रेडसन यांची आहे. त्यांनी १९३० ते १९७५ या काळात मिकी माऊसची वृत्तपत्रीय चित्रमालिका काढली. इथे प्रश्न उलटा आहे, कारण चित्रकार एकच आणि पात्र बदलणारे. १९३८ च्या अखेरीस मिकीच्या डोळ्यांत पांढरा भाग आणि बुबुळे आली; त्या बदलाच्या आधीच्या व नंतरच्या पट्ट्यांपासून सुरुवात करीत आहे.