जोडीनं या

दुपारी माळ्यावरची ट्रंक खाली काढावी लागली. येत्या रविवारी जयसिंगपूरला हिच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न आहे आणि पाकिटात किती घालायचे ते दोन दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात असल्या वादाचा निकाल आहेराची वही देते. १९९८ची, आमच्याच लग्नातली. पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं आणि पुढं माझ्या चुलत्यांचं अक्षर. काका तलाठी होते, त्यामुळं वहीला सातबाऱ्याची कळा आहे. अनुक्रमांक, नाव, गाव, रोख, वस्तू, शेरा. एका नावापुढं शेऱ्यात लिहिलंय, 'पाकीट रिकामे निघाले.' ते गृहस्थ अजून भेटतात, आणि मी अजून त्यांच्या खिशाकडं बघतो.

मावसभावाच्या घरचा आहेर सापडला. रोख ५१, स्टीलचा डबा एक. शेरा : 'झाकण बसत नाही.'

"एक्कावन्नला आता किती धरायचे?" ही म्हणाली.

तेव्हा सोनं तोळ्याला चार हजारांच्या आसपास होतं, आता लाखाच्या वर गेलंय. पंचवीस पट धरली तर बाराशे पंच्याहत्तर होतात. ही म्हणाली, मग तेराशे एक घालू. मी म्हटलं, अकराशे एक. ती म्हणाली, "आणि डबा?" डब्याचं व्याज मला काढता येईना. तो डबा अजून स्वयंपाकघरात आहे, त्यात रवा असतो आणि झाकणावर पालथी वाटी असते.

पत्रिका द्यायला मावसभाऊ स्वतः आला होता. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "दाजी, अक्षतेला वेळेवर, आणि जोडीनं या बरं का." गेली सत्तावीस वर्षं आम्ही लग्नांना जोडीनं जातोय. जोडी असते ती कार्यालयाच्या कमानीपर्यंत. तिथं गुलाबपाणी उडतं, हातावर अक्षता पडतात आणि ही डावीकडं जाते, मी उजवीकडं. त्यानंतर पाच-सहा तास आम्ही एका छपराखाली असूनही परगावी असल्यासारखे.

माझ्याकडचं लग्न असेल तर ती सून. आल्या आल्या कुणीतरी तिच्या हातात ताट देतं, नाहीतर कुणाचं तरी रडकं पोर. तिच्याकडचं असेल तर मी जावई. जावयाला काम नसतं, मान असतो. मान म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची आणि डोक्याला फेटा. फेटा बांधणारे पोरगे एका तासात शंभर डोकी उरकतात, त्यामुळं तो इतका आवळून बसतो की मंगलाष्टकांच्या तिसऱ्या 'सावधान'ला माझे डोळे बारीक होतात. मानानं मान आखडते. उतरवला तर सासरे दुरून बघतात. मागच्या रांगेत पंख्याखाली बसणाऱ्या माणसांचा मला फार हेवा वाटतो.

दोघांची खूण ठरलेली आहे. हिनं पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली की निघायचं. ती साधारण अडीच वाजता पर्स बदलते. मी बघितलंच नाही असं करून जिलेबीकडं वळतो. मग ती पर्स परत डावीकडं नेऊन पुन्हा उजवीकडं आणते, यावेळी माझ्याकडं रोखून बघत. नंतर रांगेत उभं राहून स्टेजवर जायचं. तिथं व्हिडिओवाला म्हणतो, "साहेब, मॅडमच्या जवळ सरका." सरकतो. क्लिक. सगळ्या भावकीच्या अल्बमांत आम्ही खेटून उभे आहोत. तो पुरावा खोटा आहे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, आईच्या माहेरच्या नात्यात लग्न होतं. एसटीतून उतरलो आणि आई आतल्या घरात गडप झाली. अण्णा मांडवाच्या मेढीला टेकून पुरुषांत बसले. तेव्हा आहेर कर्ण्यावरून पुकारायचे. एक जण वही घेऊन बसायचा, दुसरा माइकवर नाव, गाव आणि आकडा ओरडायचा, आणि अख्खा मांडव आकडा ऐकून तोंड बारीक-मोठं करायचा. आमची पाळी जवळ आली तसं अण्णांनी मला कानात सांगितलं, "आईला विचारून ये, अकरा घालू का एकवीस."

मी पळत आत गेलो. आत पंचवीस-तीस बायका होत्या. कुणी नवरीला शालू नेसवत होतं, कुणी खोबरं किसत होतं. आई दिसेना. मग मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "आई, अण्णा विचारत्यात अकरा घालू का एकवीस?"

खोबऱ्याच्या किसणीचा आवाज थांबला. नवरीच्या आईनं पदर सारखा केला. माझी आई कोपऱ्यातनं उठली, तिच्या मांडीवर कुणाची तरी वेणी अर्धी घातलेली होती, ती तशीच सुटली. "एकवीस म्हणून सांग," आई म्हणाली, आणि पुढं काही नाही.

परतीच्या एसटीत मी दोघांच्या मधे. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "दहा रुपये गेले." आई म्हणाली, "पोराला कुणी पाठवायला सांगितलं होतं?" आणि मग दोघंही जे हसायला लागले ते कुरुंदवाड येईपर्यंत. त्यानंतर आमटी पातळ होती इथपासून नवरदेव डाव्या पायानं लंगडतो का, इथपर्यंत सगळं लग्न त्यांनी एसटीत पुन्हा लावलं. आईनं आतलं सांगितलं, अण्णांनी बाहेरचं. मी झोपलो.

मला वाटतं लग्नाला जोडीनं जातात ते या परतीसाठी. २०२१च्या एप्रिलात सरकारनं २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती, तेव्हा पुतण्याच्या लग्नाला एका घरातून एकच असं ठरलं आणि मी एकटा गेलो. फेटा नव्हता, गर्दी नव्हती, पर्सची खूण नव्हती. तासाभरात घरी. हिनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "झालं." वांग्याच्या भाजीवर बोटभर तेल होतं हेसुद्धा तिला सांगून पटवावं लागलं, त्यात काय मजा.

तर अकराशे एक का तेराशे एक, हे राहिलंच. वही मिटताना मागच्या पानांतून वर्तमानपत्राचं कात्रण खाली पडलं. पिवळं झालेलं नव्हतं. मे २०२२चं, शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला त्याची बातमी. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे आता गावात करायचं नाही. कात्रण कडेनं नीट कापलेलं, चौकोनी. आमच्या घरात कात्रीनं सरळ कापता येणारं माणूस एकच आहे.

अण्णा २०११ साली गेले. त्यानंतरही आई लग्नांना येते. हळदीला पाच सवाष्णी बोलवायला लागले की ती उठते आणि चहाचं बघायला जाते. तिला कुणी जा म्हटलेलं मी ऐकलं नाही. ये म्हटलेलंही नाही. अक्षतेच्या वेळी ती खांबाजवळ उभी असते आणि तिथूनच टाकते. तिच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या फेट्यांवर पडतात, माझ्याही. मी मागं वळून बघत नाही, कारण फेट्यानं मान वळत नाही. निदान मी असं सांगत आलोय.

कात्रण होतं तसं वहीत ठेवलं. हिनं बघितलं होतं. ती काही बोलली नाही, कपाटातून दुसरं पाकीट काढलं आणि आत जाऊन आईला विचारलं, "आई, तुमचं वेगळं पाकीट करायचं का? तुमच्या नावाचं?"

"किती घालताय तुम्ही?" आतून आवाज आला.

"तेराशे एक."

"मग माझं एकवीस," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "गाडीत मागं मी एकटीच नव्हं? मग पाय लांब करून बसता येईल."