मक्याची ऊब आणि खालची माती

जर्मनीच्या नीडरसाक्सन राज्यातल्या ज्या खेड्यात मी राहते, तिथे आमच्या तळघरात बॉयलर नाही. भिंतीतून आत येणारे दोन जाड नळ आणि कपाटाएवढी एक पेटी, एवढाच सारा संसार आहे. गावाबाहेरच्या बायोगॅस प्रकल्पात तापलेले पाणी या नळांतून येते आणि घराला ऊब देऊन परत जाते. प्रकल्पाशेजारी काँक्रीटच्या भिंतींमध्ये गॅस तयार करण्यासाठी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा मका, दाबून भरलेला असतो, त्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर जुने टायर. वारा फिरला की त्याचा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात येतो. सांगलीकडे मुरघास गोठ्यासाठी करतात, त्यामुळे वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग तिथली जनावरं काय खातात गं?"

जनावरेही मकाच खातात, आणि जोडीला ब्राझीलहून आलेले सोयाबीन. म्हणजे इथले शेत ऊर्जेला दिले की चाऱ्याचा भार दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीवर पडतो. याच राज्यातले यूंडे हे गाव २००५ साली देशातले पहिले 'बायोऊर्जा गाव', म्हणजे पिके, शेण, लाकूड अशा जैविक मालातून आपली ऊर्जा मिळवणारे गाव, ठरले. त्याच सुमारास, अक्षय ऊर्जा कायद्यातल्या २००४ च्या दुरुस्तीमुळे, खास ऊर्जेसाठी घेतलेल्या पिकांपासून केलेल्या विजेला वाढीव दर मिळू लागला होता. मग मका इतका पसरला की 'मकाकरण' अशा अर्थाचा शब्दच जर्मन भाषेत रूढ झाला आणि २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांत मका व धान्य यांचे प्रमाण ६० टक्क्यांवर रोखावे लागले.

हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. हेक्टरी साधारण ४५ टन मुरघास निघतो आणि त्यातून ४,५०० घनमीटरच्या आसपास मिथेन, म्हणजे ४५,००० युनिट ऊर्जा मिळते. तेवढीच ऊर्जा नैसर्गिक वायू जाळून मिळवली असती तर सुमारे ९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. मात्र या ९ टनांतून ट्रॅक्टरचे डिझेल वजा करावे लागते, नत्रखत तयार करताना जळालेला वायू वजा करावा लागतो, आणि त्याच खतामुळे शेतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही, जो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गॅस काढल्यावर उरणाऱ्या स्लरीच्या उघड्या टाकीतून मिथेन निसटत असेल तर तेही याच खात्यात. शिवाय भूजलात उतरणारे नायट्रेट कार्बनच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. एवढे सगळे धरूनही, प्रकल्प नीट चालवला तर चांगल्या जमिनीवर वायूपेक्षा मका सरस ठरतो, असे मला वाटते.

पण या राज्याच्या उत्तर भागात पीटची जमीन आहे, म्हणजे पाण्याखाली न कुजता हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींची काळी माती. चर खणून तिच्यातले पाणी काढले की ती हवेच्या संपर्कात येऊन कुजू लागते आणि वर्षाला हेक्टरी ३० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. तिथे मका लावून ९ टन वाचवणे म्हणजे चिंध्या जपून गाठोडे सोडून देण्यासारखे आहे. अशा ठिकाणी वायूचा बॉयलरच कमी पापी, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

मेक्लेनबुर्गमधल्या मालखिन या छोट्या शहरात याच्या नेमके उलटे केले आहे. तिथे पुन्हा ओल्या केलेल्या पीट जमिनीवरचे लव्हाळ्यासारखे गवत कापून वाळवतात आणि २०१४ पासून ते ८०० किलोवॅटच्या बॉयलरमध्ये जाळून काही शे घरे तापवतात. हेक्टरी ऊब मक्याच्या मानाने बरीच कमी मिळते आणि ओल्या जमिनीतून थोडे मिथेनही सुटते, पण मातीचे कुजणे जवळजवळ थांबते.

आमच्या गावात पीट नाही, हे सुदैव. प्रकल्पाला मका पुरवणाऱ्या शेजाऱ्याने यंदा एका तुकड्यावर सिल्फी लावली आहे. ही पिवळ्या फुलांची वनस्पती एकदा लावली की दहा वर्षांहून अधिक टिकते आणि दरवर्षीची नांगरट वाचते. गॅस मक्यापेक्षा कमी मिळतो आणि पहिल्या वर्षी तर पीक हातीच लागत नाही, त्यामुळे सध्या त्याच्या शेतात जमिनीलगत पसरलेली रुंद पाने तेवढी आहेत आणि टायरांखाली अजून मकाच.