तुम्ही विचारलंत म्हणून: बेल्ट सँडर बॅटरीचं का वायरचं?

दुकानात दार-चौकट बघायला येणाऱ्यांत एखादा तरुण मिस्त्री असला, की त्याचं लक्ष मालाकडं नसतं, खुंट्यांना टांगलेल्या मशिनींकडं असतं. थोडं पाऊसपाण्याचं बोलून मग मुद्द्यावर येतो. "मामा, बेल्ट सँडर घ्यायलोय. बॅटरीचं घ्यावं का वायरचं? तुमी कोणतं वापरायलाव?" उदगीर-अहमदपूरकडून फोन येतात त्यांतही हाच प्रश्न. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगत बसतो, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो.

बेल्ट सँडर म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यानं लाकूड घासून सपाट करणारं मशीन. उत्तर आधी देतो. दुकानात, टेबलावर काम करणार असाल तर वायरचं घ्या. बॅटरीचं सँडर वाईट नाही. पण ते दुसरं मशीन म्हणून ठीक, पहिलं म्हणून नाही.

मुळात हा प्रश्न पडतो तो ड्रिलमुळं. बॅटरीवरचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरनं १९६१ सालीच काढलं होतं, पण लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि ते खेड्यातल्या मिस्त्र्याच्या पिशवीतही दिसायला लागलं. ते इतकं सोयीचं पडलं की वाटतं, आता सगळ्याच मशिनींची वायर सुटेल. पण ड्रिल एका वेळी चालतं किती? स्क्रू आत गेला की बोट सुटलं. दुसरा स्क्रू हातात घेईपर्यंत मोटारही गार होते, बॅटरीही दम खाते. सँडरला अशी उसंत नाही. सात फुटी फळीवर टेकवलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, सारखं भाराखालीच चालायचं.

हिशेब करून बघा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे गुणाकार करून ९० वॅट-अवर. माझं वायरचं मशीन मकिताचं ९४०४ आहे, १०१० वॅटचं. बॅटरीच्या सँडरनं त्याच्या निम्म्याहून कमी, ४५० वॅट ओढले असं धरलं तरी बॅटरी १२ मिनिटांत रिकामी. ६०० ओढले तर ९ मिनिटं. आणि ती परत भरायला चांगल्या फास्ट चार्जरवरही पाऊण तास. सागवानी दाराची एक बाजू ६० नंबरच्या पट्ट्यानं सपाट करायची (नंबर लहान तेवढा पट्टा खरखरीत), मग ८०, मग १२०. एका बॅटरीत हे होत नाही. तीन-चार बॅटऱ्या फिरत्या ठेवल्या तरच हात थांबत नाही, आणि तेवढ्या बॅटऱ्यांचा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच तुलना करायला पाहिजे. नुसतं मशीन बघून "स्वस्तच आहे की" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती किंमत बऱ्याचदा बॅटरी-चार्जर सोडून लिहिलेली असते.

पट्ट्याच्या मापाचा मुद्दा कुणी विचारत नाही, मला तो वॅटपेक्षा मोठा वाटतो. १८ व्होल्टच्या सँडरना बहुतेक वेळा ३ बाय १८ इंचाचा पट्टा असतो. माझ्या मशीनचा ४ बाय २४. घासणारा पृष्ठभाग मोजला तर मोठा पट्टा पावणेदोन पट भरतो. तो उशिरा तापतो, उशिरा बुजतो, जास्त टिकतो. शिवाय खालची पाटी लांब-रुंद असल्यामुळं फळीवर खड्डे पडत नाहीत. छोट्या पाटीचं मशीन रुंद फळीवर फिरवलं आणि वरून पॉलिश मारलं, की उन्हाच्या तिरिपीत सगळ्या लाटा दिसतात. आणि लातुरात ४ बाय २४ आणि ३ बाय २१ चे पट्टे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. ३ बाय १८ मागितला की दुकानदार आधी आपल्याकडं बघतो, मग आतल्या पोराला हाक मारतो.

वजनाचं म्हणाल, तर बेल्ट सँडरला दाबायचं नसतं, त्याच्या वजनानंच घासू द्यायचं. आपण फक्त पुढं-मागं न्यायचं. पावणेपाच किलोचं मशीन आडव्या फळीवर म्हणूनच चांगलं. उभ्या चौकटीवर तेच मशीन दहा मिनिटांत खांदा काढतं. ते पुढं येईलच.

आता आपल्याकडची वीज. पुण्या-मुंबईच्या माणसाचा सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो तो इथं. कागदावर २३० व्होल्ट असतात. पण जिथं गावठाणाची आणि शेतीची लाईन अजून एकच आहे, तिथं रब्बीत डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी सुरू झाल्या की मीटर लावून बघा, १८० दिसले तरी बरं म्हणायचं. वायरच्या सँडरची मोटार कार्बनवाली असते, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेली. व्होल्टेज पडलं की ती मंदावते. पट्टा मंदावला की लाकूड निघत नाही. लाकूड निघत नाही म्हणून माणूस दाबतो. दाबलं की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर बसलेला असतो, तोही मंदच फिरत असतो. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा आतला फिरता भाग, जळायला आणखी काय पाहिजे? लोक मशीनला शिव्या देतात. बऱ्याच वेळा दोष मशीनचा नसतोच.

त्यात भर घालते बाजारातली पातळ एक्स्टेन्शन वायर. अर्धा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ५० मीटर ओढली आणि ५ अँपिअर घेतले, तर वाटेतच १७ व्होल्टच्या आसपास गायब होतात. तीच अडीच स्क्वेअर एमएमची घेतली तर साडेतीनच्या आत. आधीच १८० वर असलेल्या गावात हा फरक लहान नाही. म्हणून वायरचं सँडर घेणाऱ्याला मी आधी जाड वायर घ्यायला लावतो. कमी व्होल्टेजला काम थांबवायचं, चहा प्यायचा, नाहीतर पहाटे उठून घासायचं. शेजारी काय म्हणतील ते बघून. आणि घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नका. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर १००० वॅटचं मशीन ओढणार कसा? सुरू होतानाचा झटका तर त्याहून मोठा असतो.

इथं बॅटरीच्या बाजूनं बोलावंच लागतं. तिला डीपीशी काही देणंघेणं नाही. भरलेली असेल तोवर पहिल्या फळीला जी ताकद, जवळजवळ तीच शेवटच्या फळीला. रात्री लाईट चांगली असते तेव्हा चार्ज करून ठेवली की दिवसाच्या लोडशेडिंगची कटकट नाही. पण मग येतो उन्हाळा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत बॅटरी ४० अंशांपर्यंतच चार्ज करा असं छापलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडात बाहेरच ४२-४३ असतं, पत्र्याच्या शेडमधलं तर विचारू नका. वर सँडरमधून नुकतीच काढलेली बॅटरी स्वतःच चटका देणारी. चार्जरवर लावली की तो दिवा मिचकावत बसतो, भरत नाही. गार झाल्याशिवाय भरणारच नाही, आणि ते त्याचं बरोबरच आहे. म्हणजे कागदावरचा पाऊण तास आपल्याकडं दुपारी दीड-दोन तासांचा होतो. बॅटऱ्या घरातल्या गार खोलीत ठेवा, गाडीच्या डिकीत ठेवू नका, एवढंच करता येतं.

दुरुस्तीत तर वायरचं मशीन सरळ जिंकतं. कार्बन संपले तर तालुक्याच्या गावी मिळतात, बदलायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. शेतीच्या मोटारी जळतच असतात म्हणून मराठवाड्यात मोटारी भरणाऱ्यांना, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून देणाऱ्यांना, तोटा नाही, आणि त्यांतले काही जण आर्मेचरही भरून देतात. नवीन बॅटरीच्या मशिनींना कार्बन नसतात, हे चांगलंच. पण आतली इलेक्ट्रॉनिक पाटी गेली तर गावात कुणी हात लावत नाही. मशीन कंपनीच्या सेंटरला पाठवायचं, संभाजीनगर नाहीतर हैदराबाद, आणि वाट बघायची. तोवर गिऱ्हाईक थांबत नसतं.

माझं बरंचसं काम जुन्या लाकडाचं आहे, तेही सांगायला पाहिजे, कारण माझं मत त्यातून झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आपल्या भागात माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताखाली, झोपायची लोकांना भीती बसली. पुष्कळांनी माळवदं उतरवली, पत्रे नाहीतर स्लॅब टाकला. त्या घरांच्या तुळया, खांब, दारं विकली गेली, आणि जुने वाडे मोडतात तसं हे लाकूड अजूनही येतंच आहे. सागवान असं की आज किनवटच्या बाजूचा चांगला मालही त्याच्यापुढं कोवळा वाटावा. पण वरून चुलीच्या धुराचा थर, तेल, चुना, आणि आत लपलेले खिळे. या लाकडाला ४० नंबरचा पट्टा आणि मागं ताकद असलेलं मशीन लागतं. छोटं सँडर त्या काजळीवर नुसतं घरंगळतं, पट्टा दोन मिनिटांत बुजून काळा पडतो. बुजलेल्या पट्ट्यावर क्रेप रबराचा जुना तळवा चालत्या मशीनवर धरला तर बराच साफ होतो. अर्थात मशीन उलटं करून घट्ट बसवलेलं असेल तरच. खिळ्याचं मात्र काही चालत नाही. आधी लोहचुंबक फिरवून एकेक शोधायचा, उपटायचा, नाहीतर डोकं खाली ठोकायचं. एक राहिला तरी पट्टा टर्रकन फाटतो.

आणि जुन्या रंगवलेल्या दाराला सँडर लावूच नका, बॅटरीचं असो का वायरचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडं २०१७ पासून आला. त्याआधीच्या हिरव्या-निळ्या ऑइल पेंटमध्ये काय काय असेल ते सांगता येत नाही. सुका घासला की त्याचं पीठ होऊन नाकात जातं, अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या हातावर बसतं. रंग रिमूव्हरनं फुगवून पत्रीनं काढा, मग लाकूड घासा. लाकडाचा भुसाही निर्मळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. तोंडाला गमछा बांधून ती बारीक धूळ अडत नाही, नीट मास्क लागतो. आणि मशीनला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडायचा म्हटलं, की त्याला वायर आलीच. एक वायर सोडवायला जास्तीचे पैसे मोजायचे आणि शेजारून दुसरी ओढायची, याला काय अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

मग बॅटरीचं कुणी घ्यावं? ज्याचं काम जागेवर जाऊन आहे त्यानं. शेतातल्या आखाड्यावर (शेतातल्या घरा-गोठ्यावर) दार बसवायचं, तिथं लाईटची पाळी रात्रीची. बांधकामावर मीटर अजून आलेला नाही. श्रावणात दार फुगून चौकटीत अडकलं, न उतरवता कडेचं दोन सूत (पाव इंच) काढायचं. अशी दहा मिनिटांची कामं, उभ्यानं, एका हातानं चौकट धरून. तिथं हलकं, बिनवायरचं मशीन सोन्यासारखं. त्यातही तुमच्याकडं ज्या कंपनीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या ड्रिलसाठी आधीच आहेत, तिचंच सँडर घ्या. एका मशीनसाठी दुसऱ्या कंपनीचा संसार मांडू नका.

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी आणखी एक उलटा प्रश्न करतो: काम कशाचं करता? प्लाय, सनमायका, मॉड्युलर किचन असलं उत्तर आलं तर बेल्ट सँडर घेऊच नका म्हणतो. प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, म्हणजे व्हेनियरची, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बेल्ट सँडर त्याच्यावर एका जागी दोन क्षण थांबलं की खालचा थर उघडा पडतो, आणि तो डाग कोणत्याही पॉलिशनं झाकत नाही. त्या कामाला गोल फिरणारं रँडम ऑर्बिटल सँडर पुरतं.

हे ऐकून मागच्या आठवड्यात औशाच्या एका पोरानं लगेच विचारलं, "मग ते तरी बॅटरीचं घेऊ का, मामा?" घे म्हणलं. त्याला ताकद कमी लागते, एक बॅटरी बराच वेळ पुरते, आणि व्हेनियरवर तसंही जास्त वेळ घासायचं नसतं. फक्त त्याला लावायचा गोल पेपर धूळ ओढायच्या आठ भोकांचा का पाच भोकांचा लागतो ते आधी बघून घे, आणि तसले पेपर तुझ्या गावात मिळतात का तेही विचार.